अखत्यार : कामा इस्पितळाच्या इतिहासातील एक प्रकरण

मुंबईतील कामा इस्पितळाचे नाव ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे जुने मुंबईकर कुटुंब क्वचितच सापडेल. आझाद मैदानालगतच्या रस्त्यावर, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी उभ्या असलेल्या ह्या वास्तूत पिढ्यान्‌पिढ्या बायका बाळंत झाल्या, आजारातून उठल्या आणि आपल्या लेकीसुनांनाही पुढे तेथेच घेऊन आल्या. इस्पितळाला देणगी देणाऱ्या पेस्तनजी होर्मसजी कामा ह्यांचे नाव त्या इमारतीमुळे लोकांच्या ओठी राहिले. पण त्या देणगीबरोबर जी एक अट सरकारपुढे ठेवण्यात आली होती, तिची आठवण मात्र आज फारशी कोणाला नाही. इस्पितळ केवळ स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी असावे, एवढ्यावर ती अट थांबत नव्हती; त्याचा वैद्यकीय कारभारही स्त्री-डॉक्टरांच्याच हाती असावा, असे तिच्यात म्हटलेले होते. 1886 साली, म्हणजे मुलींना इंग्रजी उच्च शिक्षण द्यावे की न द्यावे ह्यावर पुण्याच्या वृत्तपत्रांतून खडाजंगी चालू असता, एका सरकारी इस्पितळाचा मुख्य हुद्दा स्त्रीकडे सोपविला गेला, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात जितक्या ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही.

ती का घडली आणि तिच्यातून पुढे काय निष्पन्न झाले, हे पाहण्याजोगे आहे. कारण स्त्रीला नोकरी मिळणे आणि स्त्रीला अधिकार मिळणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सत्य ह्या एका संस्थेच्या चरित्रात जेवढे स्वच्छ दिसते तेवढे अन्यत्र दिसणे कठीण. घरात दिवसभर राबणारी सून आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरणारी सासू ह्यांच्यातले अंतर आपल्या समाजाला सांगावे लागत नाही; परंतु कचेऱ्या, शाळा आणि इस्पितळे ह्यांचा विचार करताना तेच अंतर आपण सहज विसरतो, आणि बायका कामावर रुजू झाल्या म्हणजे प्रश्न मिटला असे मानून स्वस्थ बसतो.

ह्या प्रकरणाचा आरंभ एका लेखाने झाला. डॉ. फ्रान्सेस हॉगन ह्या विदुषीने 1882 साली एका इंग्रजी मासिकात हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वैद्यकीय गरजेविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की, ह्या देशात स्त्री-डॉक्टरांचे एक स्वतंत्र खाते निर्माण करावे आणि ते पुरुषांच्या वैद्यकीय खात्याचे ताबेदार नसावे. हा लेख मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाच्या एका अमेरिकन व्यापाऱ्याच्या वाचनात आला. 1874 साली ह्या शहरात घोड्यांची ट्राम ज्या कंपनीने सुरू केली तिच्याशी निगडित असलेले हे गृहस्थ मोठे धडाडीचे होते. त्यांना जोड मिळाली ती सोराबजी शापूरजी बंगाली ह्यांची. गिरण्यांत राबणाऱ्या बायकामुलांच्या कामाचे तास कायद्याने मर्यादित व्हावेत म्हणून ज्यांनी स्वतः मसुदा तयार करून सरकारचा पिच्छा पुरविला, आणि 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यामागे ज्यांची खटपट होती, तेच हे बंगालीशेठ. एकाच्या ठायी व्यापाऱ्याची व्यवहारदृष्टी आणि दुसऱ्याच्या ठायी सुधारकाची चिकाटी असल्यामुळे ह्या दोघांनी उभारलेला निधी नुसत्या भूतदयेचा निधी झाला नाही. इंग्लंडातून शिकलेल्या स्त्री-डॉक्टर वेतनाची हमी देऊन आणाव्यात, स्त्रियांसाठी त्यांच्याच देखरेखीखाली इस्पितळ व दवाखाना काढावा, आणि येथील मुलींना वैद्यकाचे शिक्षण मिळण्याची सोय करावी, असे तीन स्पष्ट हेतू त्यांनी समोर ठेवले. त्यांपैकी तिसरा हेतू तर पाहतापाहता सिद्धीस गेला. 1845 साली स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे 1883 मध्ये विद्यार्थिनींना खुले झाले.

दुसऱ्या हेतूसाठी पेस्तनजी कामा पुढे आले. त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि पुढे त्यांत भरही घातली. सरकारने जागा द्यावी, इस्पितळ चालविण्याचा खर्च सोसावा आणि वैद्यकीय कारभार स्त्रियांकडे ठेवावा, असा हा करार होता. जागा आणि खर्च ह्यांविषयी सरकारची फारशी तक्रार असण्याचे कारण नव्हते. अडचण होती ती तिसऱ्या कलमाची. लष्करी पेशातून आलेल्या पुरुष डॉक्टरांच्या हाती सगळे वैद्यकीय खाते असताना त्यांच्या देखरेखीबाहेरचे एक इस्पितळ निर्माण करावयाचे आणि तेही बायकांच्या हवाली करावयाचे, ही कल्पना तत्कालीन सरकारी मनाला पचण्यासारखी नव्हती. परंतु देणगी आणि अट ही एकमेकींपासून सुटी करता येण्याजोगी नव्हती, आणि म्हणूनच ती अट टिकली. 22 नोव्हेंबर 1883 रोजी ड्यूक ऑफ कॉनॉट ह्यांच्या हस्ते कोनशिला बसली, मुंचरजी मर्झबान ह्यांच्या आराखड्याप्रमाणे इमारत उभी राहिली आणि 1886 साली इस्पितळ सुरू झाले. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, सरकारचे मतपरिवर्तन होईपर्यंत ही मंडळी वाट पाहत बसली नाहीत. त्यांनी अधिकाराची वाटणी पैशाच्या कागदावरच लिहून घेतली.

ह्या जागेवर ज्या स्त्रीची नेमणूक झाली, तिच्या पूर्वायुष्याकडे पाहिले म्हणजे कागदावर लिहून घेण्याचे महत्त्व अधिकच पटते. एडिथ पीची ह्यांचा जन्म 1845 चा, इंग्लंडातील एसेक्स परगण्यातला. 1869 साली एडिंबरो विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी ज्या मूठभर स्त्रियांनी प्रवेश मिळविला त्यांत त्या होत्या. पुढच्याच वर्षी रसायनशास्त्राच्या परीक्षेत प्रथमच बसणाऱ्या विद्यार्थ्यांत त्या सर्वांत वर आल्या. नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्ती त्यांच्याकडे यावयाची, परंतु स्त्रियांचा वर्ग वेगळा भरतो असे निमित्त काढून प्राध्यापकांनी ती त्यांच्याहून खालच्या क्रमांकाच्या पुरुष विद्यार्थ्यांना दिली. 1870 च्या नोव्हेंबरात ह्या स्त्रिया शरीरशास्त्राच्या परीक्षेला जात असता सर्जन्स हॉलपाशी जमावाने त्यांची वाट अडवून दंगल केली. पुढे विद्यापीठाने त्यांना पदवी देण्याचेच नाकारले, तेव्हा पीचीबाईंनी 1877 साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथून पदवी घेतली, आयर्लंडमधून व्यवसायाचा परवाना मिळविला आणि लीड्स शहरात आपला जम बसविला. प्रवेश मिळतो, गुणही मिळतात, परंतु गुणांनुसार जे पदरात पडावयास हवे ते पडत नाही, हा अनुभव त्यांनी पंचविशीतच घेतलेला होता. किट्रेज ह्यांनी डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ह्यांचा सल्ला विचारला तेव्हा त्यांनी पीचीबाईंचे नाव सुचविले, आणि 1883 च्या डिसेंबरात त्या मुंबईच्या बंदरात उतरल्या.

इस्पितळाची इमारत तयार होईपर्यंत त्यांनी जाफर सुलेमान दवाखान्यात काम पाहिले, येथील भाषा शिकून घेतली आणि रोग्यांशी थेट बोलू लागल्या. इस्पितळ उघडल्यावर त्या तेथील मुख्य झाल्या. परिचारिका तयार करण्याचा वर्ग त्यांनी सुरू केला, आणि शार्लट एलाबी ह्यांच्यासारख्या सहकारी डॉक्टर त्यांच्या जोडीला आल्या. समान कामाला समान वेतन मिळाले पाहिजे, आणि स्त्री आहे म्हणून कोणाचा हुद्दा खालचा धरता कामा नये, ही भूमिका त्यांनी ह्या शहरात सतत मांडली. 1888 साली मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची निवड झाली. त्या सभागृहात बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे 1894 मध्ये त्यांना इस्पितळ सोडावे लागले, तरी 1896 च्या प्लेगच्या दिवसांत त्या स्वस्थ बसल्या नाहीत. लोकांची सेवा तर त्यांनी केलीच, शिवाय सरकारच्या प्लेगविषयक व्यवस्थेतील दोषांवर उघडपणे बोटही ठेवले. हे बोट ठेवण्याचे धैर्य स्वभावातून आले असेल हे खरे. परंतु आठ वर्षे एक संस्था स्वतःच्या जबाबदारीवर चालविल्यामुळे त्या शब्दाला जे वजन आले होते, ते कोणाच्या हाताखाली मान घालून काम करणाऱ्या डॉक्टरच्या शब्दाला आले नसते.

मुंबईचा हा प्रयोग चालू असतानाच, 1885 साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन ह्यांनी अखिल हिंदुस्थानासाठी एक निधी स्थापन केला. त्याने गावोगावी जनाना इस्पितळे निघाली, शेकडो बायकांना औषधपाणी मिळू लागले, आणि ह्या उपकारांचे मोल कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि ह्या व्यवस्थेत स्त्री-डॉक्टरच्या डोक्यावर जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन असे. तपासणी त्याची, शेरा त्याचा, शिफारस त्याची. स्थानिक कमिट्यांत बहुधा अधिकारी आणि त्यांच्या मडमा. आणि ज्या स्त्रीने शस्त्रक्रिया करावयाची तिला नोकरीची शाश्वती नाही, रजेचा हक्क नाही, निवृत्तिवेतन नाही. अधिकाराची ही उतरंड येथेच संपत नव्हती, कारण युरोपीय स्त्री-डॉक्टर आणि देशी स्त्री-डॉक्टर ह्यांच्यातही पायरी होती. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली ह्यांना 1888 साली तेथील लेडी डफरिन इस्पितळात तीनशे रुपयांवर जागा मिळाली, परंतु येथील शिक्षणाला विलायती पदवीची किंमत नाही हे ध्यानी येऊन, मुलेबाळे असतानाही, 1893 मध्ये त्यांना स्कॉटलंडला जाऊन परीक्षा द्याव्या लागल्या. त्याच कलकत्त्यात कँपबेल मेडिकल स्कूलमधून हैमवती सेन ह्या बालविधवेने पहिला क्रमांक मिळविला असता, सुवर्णपदक बाईला जाते म्हणून मुलांनी गिल्ला केला, आणि अखेर त्या बाईंना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. एडिंबरो आणि कलकत्ता ह्यांच्यामध्ये समुद्र होता आणि दोन तपांचे अंतर होते, परंतु न्याय एकच लावला गेला.

कामा इस्पितळातून जे निघाले ते म्हणूनच केवळ रोगी बरे होऊन निघाले असे नव्हे. पीचीबाईंनंतर तेथे आलेल्या डॉ. ॲनेट बेन्सन ह्यांनी डफरिन व्यवस्थेतील ह्या ताबेदारीविरुद्ध लेखणी उचलली. 1907 साली हिंदुस्थानातील स्त्री-डॉक्टरांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या अग्रभागी त्या होत्या, आणि स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेला सरकारी नोकरीचा दर्जा मिळावा म्हणून ह्या संघटनेने अर्जविनंत्यांचा जो तगादा लावला, त्याचे फळ 1914 साली स्थापन झालेल्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसच्या रूपाने दिसले. ती सेवाही अपुरीच होती. तिच्यात आरंभी जागा होत्या अवघ्या पंचवीस, आणि पगार व मानमरातब पुरुषांच्या सेवेहून कमी. परंतु बढती, बदली, रजा आणि निवृत्ती ह्यांचे नियम स्त्री-डॉक्टरांसाठी प्रथमच लिहिले गेले, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. स्वतंत्र कारभाराची चव ज्या संस्थेने चाखली होती तिच्यातूनच इतरांच्या स्वातंत्र्याची मागणी पुढे यावी, हे स्वाभाविकच होते.

ह्या परंपरेशी महाराष्ट्राचा संबंध दोन स्त्रियांमुळे विशेष जिव्हाळ्याचा झाला आहे. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर नेमले. परंतु त्या जागेवर बसण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला, आणि जो अधिकार त्यांना मिळाला होता तो बजावण्याची संधी काळाने दिली नाही. ती संधी मिळाली रखमाबाईंना. लहानपणी लागलेले लग्न नांदविण्यास नकार दिल्याबद्दल हायकोर्टाने ज्यांना 1887 मध्ये नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय दिला, आणि ज्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली, त्या रखमाबाई तडजोडीने त्या खटल्यातून सुटल्यावर पीचीबाई व इतर हितचिंतकांच्या साह्याने लंडनला गेल्या. तेथे शिकून 1894 साली त्या परत आल्या, काही काळ कामा इस्पितळात राहिल्या, आणि पुढील वर्षी सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या मुख्य होऊन गेल्या. तेथे बाळंतपणासाठी कोणी बाई पाऊल टाकीना, तेव्हा त्यांनी एका गाभण शेळीचे बाळंतपण इस्पितळात करून दाखविले आणि लोकांची भीती मोडली, अशी आठवण सांगतात. सुरतेत दोन तपांच्या जवळपास आणि त्यानंतर राजकोटच्या जनाना इस्पितळात दहा-बारा वर्षे, असा त्यांचा अधिकारकाळ गेला. 1918 च्या सुमारास विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील जागा त्यांना देऊ करण्यात आली असता त्यांनी ती नाकारून राजकोटचे काम पत्करले. ज्या बाईला न्यायासनाने एका पुरुषाच्या ताब्यात जाण्याचा हुकूम दिला होता, तिच्या हुकमाखाली पुढे दोन संस्थानी-सरकारी इस्पितळांचा कारभार चालला. आणि आज्ञा न पाळण्यासाठी जे धैर्य लागले तेच आज्ञा देण्याच्या जागी तिला उपयोगी पडले.

परंतु कामा इस्पितळाच्या मुख्य जागेवर हिंदी स्त्री येण्यास मात्र फार अवधी लागला. स्त्रियांच्या हाती कारभार असावा ही अट पाळली जात होती, पण त्या स्त्रिया विलायतेच्या होत्या. देशी स्त्रीला तेथवर पोचण्यास बेचाळीस वर्षे जावी लागली. ती स्त्री म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहून मराठी ज्यांची घरची भाषा झाली, त्या बेने इस्राएल समाजात 1891 साली त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांचे शालेय शिक्षण झाले. लहानपणी बहीण आजारी पडून कामा इस्पितळात होती, तेव्हा डॉ. बेन्सन ह्यांना त्यांनी तेथे काम करताना पाहिले आणि आपणही डॉक्टर व्हावयाचे हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले. अधिकाराच्या जागी बसलेली एक स्त्री एका मुलीच्या दृष्टीस पडते, ह्या साध्या गोष्टीत केवढे सामर्थ्य असते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1912 मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, आणि 1919 साली लंडन विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातील एम. डी. त्यांनी संपादन केली. 1928 पासून 1947 पर्यंत कामा इस्पितळाची सूत्रे त्यांच्याकडे होती. ह्याच काळात मुंबई शहरात बाळंतपणात बायका का दगावतात ह्याची त्यांनी शास्त्रशुद्ध चौकशी केली आणि 1941 साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे देशातील प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ 1950 मध्ये उभा राहिला तेव्हा त्याच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली पुरुषही होते.

हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहावेसे वाटते. कारण ह्या साऱ्या इतिहासात एक भिंतही आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे सत्याला धरून होणार नाही. कामा इस्पितळ स्त्रियांच्या हाती द्यावे ह्या मागणीला समाजाने मान तुकविली, ती स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत हे पटले म्हणून नव्हे. पडद्यातली बाई परपुरुषाला नाडी दाखविणार नाही, तिचे दुखणे तिच्या जातीलाच कळणार, ह्या भेदाच्या विचाराने ती तुकविली. भेदाच्या युक्तिवादाने जे दार उघडले, त्याच युक्तिवादाने त्या दाराच्या आतल्या अंगणाची हद्दही आखून दिली. स्त्री-डॉक्टरने स्त्रियांच्या इस्पितळाची मुख्य व्हावे, पण जवळच्याच सर्वसाधारण इस्पितळात, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा आरोग्यखात्याच्या दफ्तरात तिने वरच्या खुर्चीची अपेक्षा धरू नये, असा अलिखित नियम पुढे कितीतरी काळ चालला. स्त्रीचा स्वभाव कोमल, तिला शुश्रूषा साधते, तिला सत्ता साधत नाही, असे म्हणणारे आणि स्त्रीचा स्वभाव कोमल म्हणून तिलाच अमुक खाते द्या असे म्हणणारे, हे दोघेही एकाच गृहीतावर उभे असतात. एडिंबरोत पीचीबाईंनी जे सिद्ध केले होते ते कोमलतेने नव्हे, रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेने. आणि झिराडबाईंचा अहवाल प्रमाण मानला गेला तो बाईने लिहिला म्हणून नव्हे, तर त्यातील निरीक्षणे खरी होती म्हणून.

ह्या इतिहासातून मी जो निष्कर्ष काढतो तो साधा आहे, आणि आजच्या कचेऱ्यांना व कारखान्यांना तो तितकाच लागू आहे. स्त्रियांना पुढे आणण्याविषयी सद्भावना पुष्कळांच्या ठायी असते. डफरिन निधीच्या चालकांच्या ठायीही ती भरपूर होती. परंतु सद्भावनेने दिलेली जागा सद्भावना संपताच काढून घेता येते, आणि लिहून दिलेला अखत्यार तसा काढून घेता येत नाही. म्हणून एखाद्या संस्थेत स्त्रिया किती आहेत हे मोजून थांबू नये; नेमणुकीच्या कागदावर सही कोणाची, खर्चाची मंजुरी कोणाची, कामाचा शेरा लिहिणारा कोण, आणि त्याच हुद्द्यावरच्या पुरुषाला वेतन किती, हे चार प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे नियमात लिहिलेली असतील तर पुढची मुलगी आपल्या गुणांवर वर चढेल. लिहिलेली नसतील तर पीचीबाई आणि हैमवती सेन ह्यांच्याप्रमाणे पहिली येऊनही ती दुसऱ्याच्या हातात बक्षीस पाहील. किट्रेज, बंगाली आणि कामा ह्या तिघांना हे प्रश्न 1883 सालीच सुचले होते आणि त्यांची उत्तरे त्यांनी पैसे देण्यापूर्वी मागून घेतली. त्यांचे दातृत्व मोठे होतेच. पण मला त्याहून मोठा वाटतो तो त्यांचा हा आग्रह. आज जे कोणी संस्था चालवितात, नियम लिहितात आणि नेमणुका करतात, त्यांनी देणगीपेक्षा त्या आग्रहाचे अनुकरण करावे.